सोळा पत्र्यांची खोली

४ जानेवारी

दादा,

फोन केला की तू "कोण? मोठ्याने बोला!" असं ओरडतोस, आणि मी मोठ्याने बोलायच्या आत ठेवून देतोस. तेव्हा पत्र. जन्मभर पुलांवर रिव्हेट ठोकून तू कान घालवलेस, आता मला शाई घालवायला लाव.

बातमी अशी, की माझी 'पाहुणी' ही कविता सहावीच्या पाठ्यपुस्तकात घेतली आहे. म्हणजे येत्या जूनपासून तुझी नातही ती शिकणार. वीस वर्षं मी सभांमधून ही कविता म्हणते आहे. लोक माझी भाषणं विसरतात आणि शेवटी म्हटलेली ही कविता लक्षात ठेवतात. मला आनंद व्हायला हवा. झालाही होता, मंडळाचा फॉर्म येईपर्यंत. नाव, शिक्षण, पुस्तकं, सगळं भरलं. मग एक चौकोन आला: 'मूळ गाव'. त्याच्यापुढे चांदणी. म्हणजे हा भरल्याशिवाय फॉर्म घेणार नाहीत.

मी तिथल्या साहेबांना फोन केला. म्हटलं, आमचे बाबा पूल बांधणाऱ्या कंपनीत फिटर होते. पूल झाला की खोलीचे नंबर घातलेले पत्रे सोडवून आम्ही पुढच्या पुलावर. मी जन्मले त्या कँपच्या जागी आज गवतसुद्धा नाही.

"मग वडिलांचं गाव लिहा."

"वडिलांचे वडील रस्त्यावर खडी फोडायचे. तेही हिंडतेच."

"मग बाई, तुम्ही आहात तरी कुठल्या?"

सभेत कोणी विचारलं असतं तर मी अर्धा तास बोलले असते. फोनवर मी "बघून कळवते" म्हणाले आणि ठेवून दिला.

तुला सगळे कँप पाठ आहेत. क्रमाने लिहून पाठव, दहा दिवसांत. कविताही सोबत ठेवते. तुला कवितेचं वावडं आहे हे माहीत आहे, पण ही लहान आहे, चहा निवायच्या आत संपेल.

वहिनीला नमस्कार. नातीला अजून 'वायसर'च म्हणतोस का? पोरगी मोठी झाली आता, काहीतरी बरं म्हण.

तुझी
ठिणगी

*पाहुणी*

*पूल झाला की आमचं घर निघायचं.*
*पत्रे मोजून चढायचे, मोजून उतरायचे,*
*नंबर जुळले की आई म्हणायची, आलो घरी.*

*एकदाच मी मागून आले.*
*घर तेच, पत्रे तेच, नंबरही तेच.*
*माझ्या खिडकीशी माझा निळा फ्रॉक घालून*
*दुसरीच मुलगी बसली होती.*

*आई दारात आली. तिने मला पाहिलं*
*आणि कोणाला तरी म्हणाली,*
*ही पाहुणी आहे.*

*तेव्हापासून मी दार वाजवते,*
*स्वतःच्या घराचंसुद्धा.*


९ जानेवारी

ठिणगे,

कँप क्रमाने असे. सात गाळ्यांचा पूल, तिथे तू जन्मलीस. मग रेल्वेचा अरुंद पूल, तिथे तुला कांजिण्या आल्या. मग खाडीवरचा, तिथे आजीचा चष्मा पाण्यात पडला. मग खांब खचलेला पूल, तिथून तू आत्याकडे शिकायला गेलीस. पुढचे सगळे माझे, तुझे नाहीत. यातलं गाव कुठलं ते तूच ठरव. आम्ही गावं ओळखतच नव्हतो. नदी ओळखायचो, आणि तिला किती गाळे लागले ते.

कविता वाचली. चहा निवला नाही, पण मोरीत ओतला.

ही पुस्तकात घालू नकोस. दुसरी दे. तुझ्याकडे ढिगाने असतील.

वायसर म्हणणारच. नटाखालच्या चकतीसारखी जिथे फट दिसेल तिथे जाऊन बसते, दुसरं काय म्हणू?

दादा


१४ जानेवारी

दादा,

"दुसरी दे"! भाजी आहे का ती, ही नको तर ती जुडी द्या?

तू कारण दिलं नाहीस, तेव्हा मीच ओळखते. तुला वाटतं, आईची अब्रू गेली. लोक म्हणतील, काय ही बाई, पोटच्या पोरीला पाहुणी म्हणाली. ऐक तर मग. मी कोणाची अब्रू घ्यायला कविता लिहिली नाही. मी ती लिहिली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. ज्यांना गाव असतं त्यांना आठवण ठेवायचे कष्ट पडत नाहीत. त्यांचं पिंपळाचं झाड, त्यांची शाळा, त्यांची गल्ली त्यांच्यासाठी आठवण ठेवते. ते चाळीस वर्षांनी जातात आणि दगडसुद्धा ओळख देतो. आपल्याला कोण ओळख देणार? नदी? ती दर पावसाळ्यात वेगळी असते. लहानपणी हलवलेल्या मुलाकडे जमीन नसते दादा, त्याच्याकडे फक्त शब्द असतात. तो एकेक ओळ अशी घट्ट बसवतो की कुठलाही ट्रक येऊन ती उचलू शकणार नाही. मला कविता सुचली ती छंद म्हणून नाही. मला उभं राहायला चार फूट जागा हवी होती, ती मी कागदावर केली.

आणि वीस वर्षांत किती माणसं सभा संपल्यावर माझ्यापाशी आली असतील! धरणावरच्या मजुरांच्या मुली, बदलीवाल्यांची मुलं, मामाकडे, आत्याकडे, वसतिगृहात ठेवलेली. एक जाडजूड पोलीस शिपाई माझा हात धरून हमसून रडला. म्हणाला, "ताई, मलापण पाहुणाच म्हणाले होते." त्याला सांगू का, की माझ्या दादाला पटत नाही, दुसरी कविता घ्या?

मी दहा वर्षांची होते. जे पाहिलं ते लिहिलं. त्यात एक शब्द खोटा असेल तर दाखव.

ठिणगी


१९ जानेवारी

ठिणगे,

तुझं भाषण मिळालं. टाळ्या वाजवल्या असत्या, पण एका हातात पाना होता. नळ गळतोय.

खोटा शब्द दाखव म्हणतेस. खोटा नाही. पण पुलावर आम्हाला शिकवलं होतं की नट सुटला तर नुसता नट बघू नकोस, तो कशाला धरून होता ते बघ. तू नट लिहिलास. छान, चकचकीत लिहिलास.

एकच विचारतो. "कोणाला तरी म्हणाली" असं लिहिलंयस. कोणाला?

आठवून बघ. तू तिथे होतीस. मीही होतो, पाण्याची बादली घेऊन. बाकीचं मी सांगणार नाही. बाबांनी मला शपथ घातली होती आणि ते असताना मी ती मोडली नाही. आता ते नाहीत, आईही नाही, पण म्हणून शपथ गंजत नाही.

कविता मागे घे. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतो.

दादा


२४ जानेवारी

दादा,

कोणाला तरी म्हणजे कोणाला तरी. शेजारची बाई असेल, पाणीवाला असेल. माझं तिकडे लक्ष नव्हतं, मी आईकडे पाहत होते. कवितेत त्या माणसाला काही किंमत नाही.

शपथ, गुपित, बादली! अरे, साठी उलटली तुझी. अजून तुम्हा पुरुषमाणसांचं "आम्हाला माहीत आहे पण सांगणार नाही" चालूच. मला आत्याकडे पाठवतानाही तुम्ही असंच केलंत. ट्रक दारात उभा राहिला तेव्हा मला कळलं की मी जाणार आहे. बाबा त्या पूर्ण वर्षात एकदाही आले नाहीत. पुढच्या वर्षी माझ्या बक्षीस समारंभाला येतो म्हणाले आणि आले नाहीत. मी व्यासपीठावर उभी राहून शेवटच्या रांगेपर्यंत टोपी शोधत होते. त्याचीही शपथ होती का?

फॉर्म सही करून आज पाठवला. 'मूळ गाव' या चौकोनात आडवी रेघ मारली. चांदणी असू दे नाहीतर सूर्य.

ठिणगी


३ फेब्रुवारी

ठिणगे,

शपथ मोडतो. बाबांनी वरून काय म्हणायचं ते म्हणावं.

तुला पत्र्यांच्या खोलीचे नंबर आठवतात, पण नियम आठवत नाही. घरात चार माणसं असली तर बारा पत्र्यांची खोली. पाच असली तर सोळा पत्र्यांची. आपण पाच होतो. बाबा, आई, आजी, मी, तू. तुझा कोपरा आणि खिडकी तेरा ते सोळा नंबरच्या पत्र्यांत होती. तू आत्याकडे गेलीस तेव्हा आपण चार झालो. बाबा म्हणाले, चार पत्रे परत देऊ. आई म्हणाली, देणार नाही. पोरगी सुट्टीत आली तर कुठे झोपेल? बाबा म्हणाले, खाली झोपेल, आपण सगळे खालीच झोपतो. आई म्हणाली, खाली झोपेल, पण तिच्या खिडकीखाली झोपेल.

त्यावरून दोन महिने दोघं बोलत नव्हते. मधे मी निरोप्या. "बापाला सांग जेवण वाढलंय." "आईला सांग दिसतंय."

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हजेरी कारकून खोल्यांतली माणसं मोजायला यायचा. पहिल्या महिन्यात आई म्हणाली, पोरगी नदीवर गेलीय. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, तापाने शेजारी झोपलीय. तिसऱ्या महिन्यात तिने वेल्डरची मुलगी मागून आणली. तुझ्याएवढीच होती. तुझा राहिलेला निळा फ्रॉक तिला घातला, हातात तुझी वही दिली, दाराकडे पाठ करून खिडकीशी बसवली. कारकून मोजायचा आणि जायचा. असे नऊ महिने. त्या पोरीला दर वेळी मूठभर फुटाणे मिळायचे. ती वेल्डरला विचारायची म्हणे, मला रोज का नाही मोजत?

मे महिन्यात तू सोमवारी येणार होतीस. पण आत्याच्या शेजाऱ्याचा सिमेंटचा ट्रक शनिवारी निघाला आणि तिने तुला त्यात बसवून दिलं. मी बादली घेऊन दाराशी पोचलो तेव्हा कारकून उंबऱ्यात उभा होता, वही उघडून.

"माणसं?"

"पाच," आई म्हणाली.

"पोरगी?"

"ती काय, अभ्यास करतेय."

"फार अभ्यासू हो तुमची. दर वेळी पाठच दिसते."

"बापावर गेलीय."

एवढ्यात तू आलीस. पत्र्याची पेटी, दोन वेण्या, नवे बूट. कारकून मागे वळला. "ही कोण?"

 आईने क्षणही घालवला नाही. "पाहुणी आहे," म्हणाली. "नणंदेकडची."

आणि मग तू आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलंस. "मी पाहुणी नाही! ही माझी खिडकी आहे! ऊठ तू तिथून!" खोल्यांची सगळी लाइन बाहेर आली. कारकून चवड्यांवर बसला, तुझ्या डोळ्यांत डोळे घालून गोड आवाजात म्हणाला, "बरं बाळ, तू पाहुणी नाहीस. मग तू राहतेस कुठे?"

तू छाती काढून सांगितलंस, "आत्याकडे. पाचवीत पहिली आले."

त्याने वही मिटली.

हा तुझा 'कोणाला तरी'.

पुढच्या सोमवारी बाबांना मुकादम करणार होते, कागद तयार होता. साहेबाने कागद फाडला नाही, नुसता बाजूला ठेवला. म्हणाला, जो घरातली माणसं खोटी मोजतो तो पुलावरचे रिव्हेट खरे मोजेल कशावरून? बाबा म्हणाले नाहीत की हे बायकोने केलं. मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यानंतर एकोणीस वर्षं फिटरच राहिले. साहेबाने दोन वर्षं एक दिवस रजा दिली नाही. तुझ्या बक्षीस समारंभाच्या दिवशी ते खांबावर होते. सकाळी त्यांनी दाढी केली होती. पुलावर कोणी दाढी करून जात नाही. 

त्याच आठवड्यात मला शपथ. "तिला कळता कामा नये. शिकायला पाठवलंय, माझी बढती डोक्यावर घेऊन शिकेल का ती?"

तू सुट्टीचे आठ दिवस कोणाशी बोलली नाहीस. आम्हाला वाटलं, आत्याकडे राहून पोरगी शिष्ट झाली. तुला वाटलं, आम्ही दुसरी आणली. पुढच्या सुट्टीत तू आलीच नाहीस. स्पर्धा आहे असं लिहिलंस.

तू गेल्यावर चार पत्रे काढायला मलाच लावलं, मी तेव्हा हेल्पर होतो. चौदा नंबरच्या पत्र्यावर तुझ्या उंचीच्या रेघा होत्या, चार कँपांच्या. मी १४ मधला १ खरवडला आणि तो चार नंबर करून टाकला. खरा चार नंबर गोदामात गेला. हुकबोल्टची भोकं अर्धा इंच सरकलेली होती, म्हणून पावसात आजीच्या अंथरुणावर थेंब पडायचे. आजी रोज शिव्या घालायची, पण पत्रा बदलू द्यायची नाही. माझ्याकडून जन्मात एवढंच एक काम वाकडं बसलं, आणि ते मी मुद्दाम केलं.

आणखी एक. तू ही कविता रेडिओवर म्हटलीस, आठवतं? तेव्हा आई होती. मी रेडिओ बंद करायला उठलो. ती म्हणाली, राहू दे. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मी तसंच म्हणाले होते." आणि तांदूळ निवडायला बसली.

मला राग तुझा नाही. मला राग याचा आहे, की तुम्ही कविता लिहिणारे नेहमी जो गेला त्याच्या बाजूने उभे राहता. जो मागे राहून त्याच्या नावाने पाच मोजत बसला, त्याच्यावर कोण लिहिणार? मला लिहिता येत नाही. येत असतं तर सहावीत लावलं असतं.

दादा


११ मार्च

दादा,

महिनाभर लिहिलं नाही. रोज कागद घेत होते आणि 'दादा' एवढं लिहून थांबत होते. तुझ्याशी भांडायला मला कधी शब्द कमी पडले नव्हते.

मी मंडळात जाऊन आले. एकदा नाही, चारदा. पहिल्यांदा सचिव जेवायला गेले होते, दुसऱ्यांदा दौऱ्यावर, तिसऱ्यांदा माझी फाइल दौऱ्यावर. चौथ्यांदा भेटले. मी म्हटलं, कविता मागे घ्यायची आहे.

ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, इथे लोक कविता घाला म्हणून येतात. काढा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"त्यात चूक आहे."

"शुद्धलेखनाची?"

"आईची."

त्यांनी पेन उघडलं. बिचारा कामसू माणूस. "म्हणजे कोणाच्या भावना दुखावल्यात. बरं. आईंची लेखी तक्रार आणलीत?"

"आई वारली."

"मग तक्रारदार कोण?"

"मी."

"तुम्ही कवयित्री. तुम्हाला स्वतःविरुद्ध तक्रार करता येत नाही." मग जरा नरमले. "तिसरा फर्मा छापून झालाय बाई. लाखांत प्रती. आणि खरं सांगू? इतकी सुंदर ओळ आहे ती. 'ही पाहुणी आहे.' आमच्या समितीत दोघं रडले."

मी त्या खोलीत उभी होते आणि माझी इच्छा होती की टेबलावर हात आपटून बोलावं, जसं मी हजार लोकांपुढे बोलते. काय बोलणार होते? की मी वीस वर्षं सभा गाजवल्या त्या एका कारकुनाला वगळून? की ज्या बाईने नऊ महिने माझी जागा धरून ठेवली तिलाच मी गावोगाव उभी करून सांगत होते, बघा हिने मला ओळख दिली नाही? शेवटच्या रांगेत टोपी शोधली म्हणून बापावर रुसले, आणि त्या टोपीवरचा मुकादमपणा मीच घालवला होता, दोन वेण्या आणि नवे बूट घालून, पहिली आले म्हणून सांगत!

आणि तुझाही राग येतो. हो, येतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला जपलंत, आणि त्या जपण्याने मी सत्तेचाळीस वर्षं दार वाजवत राहिले. एक वाक्य सांगायचं होतंत रे! दहा वर्षांच्या मुलीला कळलं असतं. रडली असती, फुटाणे खाल्ले असते, विसरली असती. त्या आठ दिवसांत तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतास.

कोणावर ओरडू तेच कळत नाही. म्हणून जिना उतरून खाली आले आणि रिक्षावाल्याशी भांडले. त्याची काही चूक नव्हती.

ठिणगी


२१ ऑक्टोबर

ठिणगे,

मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तुझं बरोबर होतं. सांगायला हवं होतं. मी पंधरा वर्षांचा होतो आणि मला वाटायचं शपथ म्हणजे वेल्डिंग.

पुस्तक जूनमध्ये घरी आलं. तुझ्या फोटोखाली छापलंय, 'मूळ गाव : माहिती उपलब्ध नाही'. वायसरने ते वाचून विचारलं, आजोबा, आत्याआजी हरवली होती का? मग मी तिला सगळं सांगितलं. कारकून, फुटाणे, सगळं. कंपनीच्या भंगारातून मी विकत घेतलेला तो चौदा नंबरचा पत्रा मागच्या अंगणात न्हाणीच्या आडोशाला उभा आहे, तो दाखवला. तिने लगेच पाठ लावून स्वतःची रेघ मारून घेतली. तुझ्या शेवटच्या रेघेच्या वर चार बोटं आहे. खूश झाली.

आता खरी गोष्ट. सहामाही परीक्षेत तुझ्या कवितेवर प्रश्न आला. पेपर सोबत पाठवतो, बघ आणि परत कर, तिच्या आईने सही करायची आहे. प्रश्न: 'आईने मुलीला पाहुणी का म्हटले?' गुण दोन. वायसरने लिहिलं: 'कारण दारात कारकून उभा होता आणि आईला मुलीचा कोपरा वाचवायचा होता.'

बाईंनी लाल पेनाने शून्य दिलंय. शेजारी लिहिलंय: 'कवितेत कारकून कुठे आहे?' फळ्यावरचं बरोबर उत्तर होतं, 'सततच्या स्थलांतरामुळे आईच्या मनातील माया आटली होती.' सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. तेहेतीस पोरांनी लिहिलं की आपल्या आईची माया आटली होती. मी जेवलो नाही त्या दिवशी.

बाईंनी हिला परत लिहायला सांगितलं, दोन गुण देते म्हणाल्या. ही म्हणाली, नको. वर्गात पहिली यायची ती एका गुणाने दुसरी आली. रडली नाही. तुझ्यापेक्षा बरी आहे.

तू कवयित्री ना? मग लिही त्या बाईंना.

दादा


६ नोव्हेंबर

दादा,

लिहिलं. पाच पानं लिहिली. कवितेची कवयित्री या नात्याने कळवते की विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आहे, इतकंच नव्हे तर संपूर्ण वर्गात बरोबर उत्तर तिचं एकटीचंच आहे. माया आटली होती हे वाक्य मी कुठेही लिहिलेलं नाही, ते फळ्यावर कोणी लिहिलं, कशाच्या आधारावर? तिसऱ्या पानावर मी फार चढले, ते सांगत नाही.

बाईंचं उत्तर काल आलं. चार ओळी, अक्षर मोत्यासारखं. 'तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. पण मला कविता जशी छापली आहे तशीच शिकवावी लागते. त्यात कारकून असता तर मी मुलीला पूर्ण गुण दिले असते. माझे वडील वीटभट्टीवर होते, मीही आजीकडे वाढले. ही कविता शिकवताना मला वर्गाकडे पाठ करावी लागते.'

 तिच्याशी भांडायची सोय उरली नाही. ती बरोबर आहे दादा. कवितेत कारकून नाही. वायसर बरोबर आहे, कारकून दारात होता. तो शिपाई बरोबर होता. आईसुद्धा म्हणाली, बरोबर आहे तिचं. सगळे बरोबर आहेत आणि माझ्या आईला शून्य गुण आहेत.

मी त्या कवितेला दुसरी कविता जोडायला बसले. दहा दिवस बसले. कारकून आणला, वही आणली, फुटाणे आणले. ओळी पडतात, उभ्या राहत नाहीत. जिथे दुखलं तिथलं सगळं मला लिहिता येतं. माझ्या पाठीमागे कोणी माझ्यासाठी पत्रा धरून उभं होतं, ते लिहायला मी शिकलेच नाही. भोकं अर्धा इंच सरकतात. तुला कसा बसवता आला तो चौदा नंबर?

येत्या शनिवारी येते. महिन्यातला शेवटचा नाही, पण माझ्या मनाने तो तसाच आहे. पेपर घेऊन येते, हरवेल म्हणून पोस्टाने पाठवला नाही. वायसरला म्हणावं, त्या शून्याखाली सही करायची परवानगी मी तुझ्या आईकडे मागणार आहे.

त्या दारातलं आईचं वाक्य मला जन्मभर पाठ होतं. त्यावर काय बोलायचं होतं, ते आता सुचलं. रोज आरशापुढे म्हणते. पेटी खाली ठेवायची, त्या माणसाकडे बघायचं, आणि खालच्या आवाजात सांगायचं, "हो काका, मी पाहुणीच."

विचारायला आता कोणी येणार नाही.

ठिणगी